भुकेल्यांनाही राजकारण होते

फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास सांगताना बहुतेक जण नकळत माणसांची वाटणी करून टाकतात. सभागृहात भाषणे करत होते ते राजकारण करत होते. पावाच्या दुकानापुढे पहाटेपासून उभे होते ते पोटामागे लागले होते. पहिल्यांकडे तत्त्वे होती, पक्ष होते. दुसऱ्यांकडे नुसती भूक होती. भुकेला विचार नसतो, ती पुढे येणाऱ्या कोणाच्याही कामी येते, हे एकदा गृहीत धरले की पुढचे सगळे सोपे होते. बाजारातला दंगा जिराँडिस्टांनी बदनाम केला, जॅकोबिनांनी वापरला, राजनिष्ठांनी पेटवला, असे लिहिता येते. दंगा करणाऱ्यांनी स्वतः काय केले, काय मागितले, हे विचारावेच लागत नाही.

ही वाटणी खोटी आहे. पावाचा भाव हा त्या क्रांतीतल्या पक्षभेदांचा एक बाजूचा विषय नव्हता. पक्ष त्याच प्रश्नावर तुटले, त्यावरच चढले आणि त्यावरच पडले. ज्यांना गर्दी म्हणून बाजूला सारले जाते त्यांनी मालमत्तेचा हक्क आणि जगण्याचा हक्क यांत आधी कोणता, हा प्रश्न सभागृहातल्या कोणाहीपेक्षा स्पष्ट विचारला होता.

आधी समोरच्यांचे म्हणणे त्यांच्या पूर्ण ताकदीने मांडायला हवे. एकोणिसाव्या शतकात इतिहासकार इपोलित तेनने क्रांतीतली गर्दी दावे तुटलेल्या जनावरासारखी रंगवली, आणि पुढे गुस्ताव्ह ल बाँने 1895 मध्ये गर्दीच्या मानसशास्त्राचे शास्त्रच त्यावर उभारले. त्यांचे खंडन फार अवघड नाही. जॉर्ज रूदे याने पॅरिसच्या पोलीस दप्तरातले जबाब वाचून 1959 मध्ये दाखवून दिले, की पकडलेली माणसे दरोडेखोर किंवा भटके नव्हती. ते कारागीर होते, छोटे दुकानदार होते, हमाल होते, धोबिणी होत्या. अधिक गंभीर आक्षेप विचारवंत हॅना आरेन्टचा आहे. 1963 च्या ‘ऑन रेव्होल्यूशन’ या ग्रंथात तिने मांडले, की गरिबी रस्त्यावर उतरली तेव्हा क्रांतीचे ध्येयच बदलले. स्वातंत्र्याची जागा गरजेने घेतली. गरज घाई करते, तिच्याशी वाद घालता येत नाही, आणि म्हणून ती हिंसेकडे नेते. अमेरिकेत ही गरज दारात उभी नव्हती म्हणून तिथली क्रांती तरली, फ्रान्समध्ये होती म्हणून ती दहशतीत बुडाली. हा विचार कोत्या मनाचा नाही, गरिबांच्या तिरस्कारातूनही आलेला नाही. पण तो चुकीचा आहे, आणि चूक कुठे आहे ते बाजारातच दिसते.

क्रांतीच्या चौदा-पंधरा वर्षे आधीची गोष्ट. 1774 च्या सप्टेंबरात अर्थमंत्री त्युर्गोने धान्याचा व्यापार मोकळा केला. पीक वाईट आले होते, भाव चढले, आणि 1775 च्या एप्रिल-मेमध्ये पॅरिसच्या भोवतालच्या बाजारपेठांत तीन आठवडे उठाव होत राहिले. त्याला ‘पिठाचे युद्ध’ असे नाव पडले. त्या उठावांत लोकांनी वारंवार काय केले ते बघा. त्यांनी धान्याची पोती ताब्यात घेतली, वाजवी वाटणारा भाव जाहीर केला, पावाच्या एका पौंडाला 2 सू, आणि त्या भावाने विकत घेतले. पुष्कळ ठिकाणी पैसे मालकाच्या हातात दिले. काही चोऱ्या झाल्या, नाही असे नाही. पण लूट करणारा माणूस भाव ठरवत बसत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावात जाणारी ही रीत एक कायदा मानणारी रीत होती. राजाचे अधिकारी टंचाईच्या काळात जे करत आले होते, म्हणजे भाव बांधून देणे, ते आता अधिकारी करत नाहीत तर आम्ही करतो, असे तिचे म्हणणे होते. इंग्लंडमधल्या अशाच उठावांविषयी ई. पी. थॉम्प्सनने 1971 मध्ये नैतिक अर्थव्यवस्थेची कल्पना मांडली. ती फ्रान्सलाही तंतोतंत लागू पडते. भूक ही गरज होती, पण वाजवी भाव हा निवाडा होता. आरेन्टच्या मांडणीत भुकेल्या माणसाला निवाडा करताच येत नाही.

त्युर्गोने पिठाच्या युद्धाला उत्तर म्हणून सुमारे 25 हजार सैनिक आणले आणि पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोघांना फाशी दिली. म्हणजे धान्याचे ‘नैसर्गिक’ भाव संगिनीच्या पहाऱ्यात उभे राहिले. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे भाव बांधण्याला जबरदस्ती म्हणणारे बाजार मोकळा ठेवण्यासाठी लागलेली जबरदस्ती कधी हिशेबात धरत नाहीत.

1789 च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव साडेचौदा सूंवर गेला होता. मजुराची रोजची कमाई 20 ते 30 सू, आणि एका कुटुंबाला दिवसाला असा किमान एक पाव लागे. बास्तीयचा किल्ला पडला त्या जुलैत हाच भाव होता. ऑक्टोबरात बायका व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. त्या मोर्चाने पाव मागितला आणि त्याचबरोबर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर राजाची मान्यताही मिळवून दिली. पण संविधान सभेने ऑगस्टमध्येच धान्याचा व्यापार पुन्हा मोकळा केला होता. 21 ऑक्टोबरला एका पाववाल्याला जमावाने ठार मारले. ते कृत्य भीषण होते, त्याचे समर्थन मी करणार नाही. त्याच दिवशी सभेने लष्करी कायदा मंजूर केला: लाल निशाण फडकले की जमावावर गोळीबार. 1791 च्या जूनमध्ये ल शापेलिये कायद्याने कामगारांना मजुरीसाठी एकत्र येण्याची बंदी झाली. गव्हाला स्वातंत्र्य मिळाले, गहू विकत घेण्यासाठी मजुरी करणाऱ्याला मिळाले नाही.

एताँप या गावाचे प्रकरण या सगळ्यावर लख्ख प्रकाश टाकते. 3 मार्च 1792 ला आजूबाजूच्या खेड्यांतले लोक तिथल्या बाजारात आले आणि धान्याचा भाव बांधून द्या म्हणाले. महापौर सिमोनो हा श्रीमंत कातडी-कारखानदार. त्याने नकार दिला, बळाची भाषा केली, आणि तो मारला गेला. विधानसभेने त्याला कायद्याचा हुतात्मा ठरवून पॅरिसमध्ये मोठा समारंभ केला. जवळच्या मोशाँ गावचा पाद्री पिएर दोलिव्हिये याने मात्र गावकऱ्यांच्या बाजूने अर्ज लिहिला आणि मालमत्तेच्या हक्काची मर्यादा कुठे, असा प्रश्न केला. तो अर्ज छापला कोणी? जॅकोबिनांचा पुढारी रोबेस्पिअर याने, आपल्या वर्तमानपत्रात. म्हणजे 1792 च्या उन्हाळ्यातच पक्षभेदाची रेघ कुठे पडणार ते दिसू लागले होते, आणि ती रेघ धान्याच्या बाजारातून जात होती.

आता 1793 चा फेब्रुवारी. इथे थांबायला हवे, कारण सगळे पक्ष एकाच वेळी इथे उघडे पडतात. आसिन्या हे कागदी चलन निम्म्या किमतीवर आले होते. साँ-दोमिंग या वसाहतीत गुलामांनी 1791 मध्ये बंड केल्यापासून साखर महाग होती, आणि आता इंग्लंडशी युद्ध सुरू झाले होते. 12 फेब्रुवारीला पॅरिसच्या 48 सेक्शनांचे, म्हणजे शहराच्या विभागांचे, प्रतिनिधी कन्व्हेन्शन या राष्ट्रीय सभेपुढे गेले. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही प्रजासत्ताकवादी आहोत एवढे जाहीर करून भागत नाही. जिथे पाव नाही तिथे ना कायदा टिकतो, ना स्वातंत्र्य, ना प्रजासत्ताक. त्यांनी धान्याला कमाल भाव मागितला. हे निव्वळ पोटाचे बोलणे आहे काय? हा तर प्रजासत्ताकाच्या पायाविषयीचा सिद्धान्त आहे. आणि त्यांना झिडकारले कोणी? केवळ जिराँडिस्टांनी नाही. लोकांचा मित्र म्हणवणाऱ्या माराने त्यांना कारस्थानी ठरवले.

24 तारखेला धोबिणी आल्या. साबण पौंडाला 14 सूंवरून 22 वर गेला होता, आणि साबणाशिवाय त्यांचा धंदाच बंद. साठेबाज आणि सट्टेबाज यांना मरणाची शिक्षा द्या, एवढी त्यांची मागणी होती. त्यांना दोन दिवसांनी यायला सांगण्यात आले. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, की मुले दूध मागतात तेव्हा आम्ही त्यांना परवा या म्हणून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी, 25 तारखेला, पॅरिसमधली किराणा दुकाने उघडी पाडली गेली, आणि पुन्हा तीच रीत: साखर 20 ते 25 सू, साबण 10 ते 12, मेणबत्त्या 12. मोजून घ्या, पैसे टाका. दिवस चढला तसे काहींनी पैसे न देताच माल उचलला, हेही नोंदलेले आहे. पण सुरुवात भाव बांधण्याने झाली होती.

त्या संध्याकाळी जॅकोबिन क्लबमध्ये रोबेस्पिअर बोलला. लोक पीडित आहेत हे त्याने मान्य केले. पण लोकांनी उठावे ते क्षुद्र मालासाठी नव्हे, साखर गोळा करण्यासाठी नव्हे, तर दुष्टांना चिरडण्यासाठी उठावे, असे त्याने सुनावले. आणि यामागे शत्रूचे कारस्थान पाहिले. याच माणसाने 2 डिसेंबर 1792 ला कन्व्हेन्शनमध्ये सांगितले होते, की जगण्याला जे आवश्यक आहे ते सगळ्या समाजाचे आहे, आणि उरलेल्यावरच खासगी मालकी चालते. माझे रोबेस्पिअरविषयीचे मत याच दोन भाषणांमधल्या अंतरावर ठरते. साबणाची वडी धोबिणीला क्षुद्र माल वाटत नव्हती. तिच्यासाठी ते अवजार होते, आणि अवजार हिरावले गेलेल्या माणसाचा हक्क हा राजकीय हक्क नसेल तर राजकीय कशाला म्हणायचे? माराने आपल्या वर्तमानपत्राच्या त्याच दिवशीच्या अंकात दोन-चार साठेबाजांना दुकानाच्या दाराशी लटकवा म्हणून लिहिले, आणि पुढे जिराँडिस्टांनी त्याच्यावर खटला भरला तेव्हा हेच लिखाण त्याच्यापुढे ठेवले. जिराँडिस्टांना हा अराजकाचा पुरावा वाटला. कन्व्हेन्शनचा सदस्य बारेर याला अमीरउमरावांचा हात दिसला. प्रत्येक पक्षाला या बायकांमागे उभा असलेला दुसरा कोणीतरी दिसत होता. बायका दिसत नव्हत्या.

एकट्या झाक रूला दिसल्या. सँ-निकोला-दे-शाँ चर्चचा हा पाद्री ग्राव्हिलिये सेक्शनमधल्या कारागिरांत आणि हातगाडीवाल्यांत राहत होता. पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहराच्या पालिकेचा, सदस्य म्हणून तो 21 जानेवारीला लुई सोळाव्याला वधस्तंभाकडे नेणाऱ्यांत होता. दंग्यानंतर कम्यूनमध्ये त्याने सांगितले, की किराणा दुकानदारांनी आजवर लोकांकडून जे जादा उकळले तेच फक्त परत गेले आहे. त्याच्यासारखे आणखी काही होते: झाँ व्हार्ले, तेओफिल लक्लेर, आणि क्लेर लाकोंब व पोलीन लेओं यांचा क्रांतिकारक प्रजासत्ताकवादी स्त्रियांचा संघ. विरोधकांनी त्यांना ‘आँराजे’, पिसाळलेले, म्हटले. त्यांचा पक्ष नव्हता, कन्व्हेन्शनमध्ये एकही जागा नव्हती. होती ती सेक्शनांची सभा, आणि रस्ता.

वसंतात कन्व्हेन्शनमधल्या रोबेस्पिअरच्या माँतान्यार गटाला जिराँडिस्टांवर मात करायची होती, आणि पॅरिसच्या सेक्शनांशिवाय ते जमणार नव्हते. 4 मे 1793 ला धान्यावरचा पहिला कमाल भाव मंजूर झाला. महिनाभरात, 2 जूनला, जिराँडिस्ट पडले. क्रांतीतल्या सर्वांत मोठ्या सत्तांतराला पावाच्या भावाने दार उघडून दिले, असे म्हणण्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि मग रूची पाळी आली. 24 जूनला नवी राज्यघटना संमत झाली. रोबेस्पिअरने एप्रिलमध्ये हक्कांच्या जाहीरनाम्याचा जो मसुदा मांडला होता त्यात मालमत्तेवर मर्यादा होत्या. संमत झालेल्या मजकुरात त्या नव्हत्या. 25 जूनला रू कन्व्हेन्शनपुढे उभा राहिला आणि त्याने विचारले, की सट्टेबाजी आणि साठेबाजी यांवर तुम्ही या घटनेत बंदी का घातली नाही? चार वर्षे क्रांतीचा फायदा श्रीमंतांनी घेतला, व्यापाऱ्यांची सत्ता सरदारांच्या सत्तेहून भयंकर झाली, आणि एक वर्ग दुसऱ्याला उपाशी मारू शकत असेल तर स्वातंत्र्य हे पोकळ आहे, हा त्याचा युक्तिवाद होता. हे मागणीपत्र नव्हते, घटनेवरची टीका होती. त्याला ओरडून गप्प केले गेले. तीन दिवसांत रोबेस्पिअरने त्याच्यावर हल्ला चढवला, महिना संपायच्या आत कॉर्देलिये क्लबने त्याला काढून टाकले, आणि जुलैच्या आरंभी माराने आपल्या पत्रातून त्याला ढोंगी ठरवले.

पण मागणी थांबली नाही. 26 जुलैला साठेबाजीविरुद्ध कायदा आला: व्यापाऱ्यांनी आठ दिवसांत साठा जाहीर करावा, दारावर त्याची यादी लावावी, आणि सेक्शनांनी नेमलेल्या माणसांनी ती तपासावी. 4 आणि 5 सप्टेंबरला पॅरिसचे कामगार पावासाठी निघाले आणि कन्व्हेन्शनला वेढा पडला. 29 सप्टेंबरला सर्वसाधारण कमाल भाव लागू झाला: गरजेच्या मालाचा भाव 1790 च्या भावावर एक तृतीयांश, मजुरी 1790 च्या मजुरीवर निम्मी वाढ. आणि 5 सप्टेंबरलाच झाक रूला पुन्हा अटक झाली होती. त्याचा कार्यक्रम कायद्यात गेला आणि तो तुरुंगात. 10 फेब्रुवारी 1794 ला बिसेत्रमध्ये त्याने स्वतःला भोसकून जीव दिला. लाकोंब आणि लेओं यांचा संघ ऑक्टोबरअखेर बंद केला गेला, आणि स्त्रियांचे सगळेच राजकीय संघ त्याबरोबर बंद झाले. इथे एक गोष्ट लपवू नये: त्या संघावर हल्ला करणाऱ्यांत मंडईतल्या विक्रेत्या बायकाही होत्या, कारण कमाल भाव त्यांच्या टोपलीवर येऊन बसला होता. घेणारीचे आणि विकणारीचे हित एक नव्हते. पण ज्यांच्यात हिताचा असा भेद आणि त्यावरून भांडण असते ते राजकारणच करत असतात.

यावर अर्थशास्त्राच्या बाजूने येणारा आक्षेप सर्वांच्या परिचयाचा आहे: भाव बांधला की माल लपतो, काळाबाजार होतो, शेतकरी पेरत नाही, म्हणून कमाल भाव म्हणजे शुद्ध अडाणीपणा. माल लपला हे खरे आहे. मांस, लोणी, अंडी पॅरिसमध्ये मिळेनाशी झाली, खेड्यांतून धान्य काढण्यासाठी सशस्त्र पथके पाठवावी लागली आणि त्यांनी अत्याचारही केले. पण हिशेब पुरा करावा. ऑगस्ट 1793 मध्ये दर्शनी किमतीच्या चौथाईखाली गेलेला आसिन्या डिसेंबरात जवळपास निम्म्यावर वर आला. त्या हिवाळ्यात पॅरिसचा पाव पौंडाला 3 सू राहिला, आणि लाखो सैनिकांची फौज पोसली गेली. मग 24 डिसेंबर 1794 ला कमाल भाव रद्द झाला, म्हणजे आक्षेपकांना हवा तो प्रयोगही झाला. आसिन्या कोसळला. सेन नदी गोठवणाऱ्या त्या थंडीनंतर पॅरिसचे पावाचे रेशन उतरत गेले आणि मे 1795 मध्ये दोन औंसांवर, म्हणजे साठेक ग्रॅमांवर आले. थंडी आणि नापिकी यांचा त्यात वाटा होता, मान्य. पण कमाल भावाच्या अपयशात युद्ध आणि नापिकी मोजायची नाही आणि मोकळ्या बाजाराच्या अपयशात तेवढी मोजायची, असा तराजू कोणी हाती घेऊ नये.

आणि आरेन्टचा दहशतीचा मुद्दा? क्रांतिकारक न्यायासन 10 मार्च 1793 ला उभे राहिले, पश्चिमेकडच्या व्हाँदे भागातले बंड पेटत असताना, सरहद्दीवर पराभव होत असताना. ऑगस्टअखेर तूलाँ बंदर इंग्रजांच्या हाती गेले. डोनाल्ड ग्रीअरने 1935 मध्ये मृत्युदंडांची मोजदाद केली तेव्हा साठेबाजीसारख्या आर्थिक गुन्ह्यांचा वाटा अत्यल्प निघाला. बंड आणि देशद्रोह यांचाच वाटा प्रचंड होता. दहशत युद्धातून आणि यादवीतून आली. पावाच्या रांगेने तिला बळ दिले हे नाकारता येत नाही, 5 सप्टेंबर त्याची साक्ष आहे. पण रांगेने तिला जन्म दिला नाही, आणि रांगेतल्यांचे पुढारी तिच्या पहिल्या काही बळींत होते.

माँतान्यारांचा अंत याच प्रश्नावर झाला. मार्च 1794 मध्ये वृत्तपत्रकार एबेर आणि त्याचे साथीदार मारले गेले, सेक्शनांचे तोंड बंद झाले. 23 जुलैला पॅरिस कम्यूनने मजुरीचे नवे कमाल दर जाहीर केले आणि अनेकांची मजुरी एकदम खाली आली. चार दिवसांनी रोबेस्पिअर संकटात सापडला तेव्हा कम्यूनने लोकांना हाक दिली, आणि पुरेसे लोक आले नाहीत. नगरभवनात शिरून त्याला पकडणाऱ्या तुकडीत कन्व्हेन्शनचा सदस्य लेओनार बुर्दों याच्या मागून ग्राव्हिलिये सेक्शनची माणसे होती. हा रूचा सेक्शन. दुसऱ्या दिवशी वधस्तंभाकडे जाणाऱ्या गाड्यांवर मजुरांनी कमाल मजुरीच्याच नावाने शिव्या दिल्या.

20 मे 1795 ला पूर्वेकडच्या वस्त्यांतून लोक पुन्हा कन्व्हेन्शनवर चालून आले, पुढे बायका. त्यांच्या मागण्या दोन होत्या आणि त्या एका दमात उच्चारल्या जात होत्या: पाव, आणि 1793 ची राज्यघटना. जे केवळ पोटासाठी आलेले आहेत असे आपल्याला सांगितले जाते ते एक राज्यघटना मागत होते, जिने प्रत्येक पुरुषाला मत दिले होते आणि सार्वजनिक मदत हे समाजाचे पवित्र ऋण मानले होते. तीन दिवसांत सैन्य आले, सँत-आंत्वानची वस्ती निःशस्त्र झाली, स्त्रियांना पाचांहून अधिक संख्येने रस्त्यावर जमण्याची बंदी झाली. पॅरिसच्या अन्नपुरवठ्याची जबाबदारी त्या काळात बुआसी द’आंग्लास या सदस्याकडे होती, आणि लोक त्याला ‘बुआसी-दुष्काळ’ म्हणत. जूनमध्ये नव्या घटनेचा मसुदा कन्व्हेन्शनपुढे त्यानेच मांडला, आणि देशाचा कारभार मालमत्तावानांच्या हाती असावा असे उघड सांगितले. ऑगस्टमध्ये ती घटना संमत झाली. मताला कराची अट परत आली, आणि सार्वजनिक मदतीचे कलम तीतून वगळले गेले.